ओला रस्ता आणि दोन चाके



परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, हरिसाल अशी गावे घेत धारणीला जाणारा रस्ता तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. सागाच्या जंगलातून, डोंगर चढत-उतरत, एकामागून एक वळणे घेत तो जातो. पावसाळ्यात मेळघाटचा हा रस्ता डोळ्यांना सुखावतो, पण मोटारसायकलस्वाराची परीक्षाही पाहतो. माझी त्याने एकदा पाहिली, आणि त्या परीक्षेत मी नापास झालो.

मी तेव्हा गाडी नुकतीच शिकलो होतो. जुलै महिना होता, बारीक पाऊस पडत होता. हरिसालच्या अलीकडे उतारावरच्या एका वळणावर समोर अचानक गुरे दिसली. मी ब्रेक दाबला, आणि पुढच्याच क्षणी गाडी एकीकडे व मी दुसरीकडे! गुडघा खरचटण्यावर निभावले. मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकाने गाडी उचलायला हात दिला आणि म्हणाला, "वळनावर बिरेक नाही माराचा, भाऊ. वळन याच्या आंधीच गाडी हळू करून घ्याची."

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवितो. घर्षणाचे नियम दरवर्षी फळ्यावर लिहितो. तरी त्या दिवशीचा धडा मला त्या चालकाने दिला. त्याच्या एका वाक्यात किती भौतिकशास्त्र भरले आहे, ते आज आपण पाहू. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळतो, म्हणजे तुम्ही अजून गाडी चालवीत नसाल. पण वडिलांच्या, काकांच्या किंवा दादाच्या मागे तर बसताच ना!

एका पोस्टकार्डाएवढा आधार

समजा, गाडी आणि स्वार यांचे मिळून वजन २०० किलो आहे. प्रत्येक चाकावर सुमारे १०० किलोचा भार येतो. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलो धरला, तर हा भार पेलण्यासाठी टायरचा सुमारे ५० चौरस सेंटिमीटर भाग रस्त्याला टेकावा लागतो. दोन चाकांचे मिळून १०० चौरस सेंटिमीटर झाले. साधे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते. त्याचे क्षेत्रफळ १२६ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे आपली सारी गाडी एका पोस्टकार्डाहूनही लहान जागेवर उभी असते! गाडीला पुढे ढकलणारे, थांबविणारे आणि वळविणारे बल रस्त्याकडून येते ते एवढ्याच जागेतून. या बलाचे नाव घर्षण.

घर्षणाचे साधे नियम फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंताँ याने १६९९ मध्ये मांडले आणि कूलाँब याने १७८५ मध्ये ते अधिक पक्के केले. घर्षणाचे बल भाराच्या प्रमाणात वाढते. जास्तीत जास्त घर्षणाला भाराने भागले की जी संख्या मिळते, तिला घर्षणगुणांक म्हणतात. रबर हा पदार्थ या नियमांना तंतोतंत जुमानत नाही, पण आपल्या हिशेबापुरते ते चालतील. चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षणगुणांक ०.७ च्या आसपास असतो. रस्ता ओला झाला की तो ०.४ च्या आसपास येतो. ओल्या डांबरावर चिखल पसरला असेल तर ०.२ पर्यंतही उतरतो.

असे का व्हावे? डांबरी रस्त्यात खडीचे असंख्य बारीक उंचवटे असतात. मऊ रबर त्यांच्या फटींत शिरते आणि रस्ता जणू मुठीत धरते. पाऊस पडला की रबर आणि खडी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर येतो. तो बाजूला सारल्याशिवाय रबर खडीला भिडत नाही. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाताना टायरचा टेकलेला भाग एखाद्या जागेवर सेकंदाचा सुमारे दोनशेवा भाग एवढाच वेळ असतो. तेवढ्या वेळात पाणी बाहेर काढून देण्यासाठीच टायरवर खाचांची नक्षी असते. गुळगुळीत झालेला टायर कोरड्या रस्त्यावर कसाबसा निभावून नेतो, पण पावसात दगा देतो. टायरच्या खाचांत तळाशी लहान उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलावा.

पहिल्या पावसाची पहिली काही मिनिटे तर फारच वाईट. उन्हाळाभर रस्त्यावर धूळ, इंजिनाचे तेल आणि झिजलेल्या रबराची पूड साचलेली असते. थोड्या पाण्यात कालवून तिचा निसरडा लगदा होतो. जोराचा पाऊस झाला की तो धुऊन जातो. म्हणून मृगाच्या पहिल्या सरीला थोडा वेळ आडोशाला थांबणे, हे भिजण्याच्या भीतीपेक्षा घर्षणाच्या दृष्टीने अधिक शहाणपणाचे आहे. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेली काळी माती, सागाची ओली पाने, शेण, रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे आणि पुलावरच्या लोखंडी पट्ट्या यांवरही पकड अशीच कमी होते.

थांबायला किती जागा लागते?

समोर गुरे दिसली की मेंदूला समजून हात ब्रेकवर जाईपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. त्या सेकंदात गाडी पहिल्याच वेगाने धावत असते. त्यानंतर ब्रेकचे अंतर सुरू होते. ते काढण्याचे सूत्र सोपे आहे:

ब्रेकचे अंतर = (वेग × वेग) ÷ (२ × घर्षणगुणांक × ९.८)

यात वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्यायचा. या सूत्राने काढलेली उत्तरे पाहा. एकूण अंतरात पहिल्या सेकंदाचे अंतरही मिळविले आहे.

ताशी ३६ कि.मी. (सेकंदाला १० मीटर): कोरड्या रस्त्यावर ब्रेकचे अंतर ७ मीटर, एकूण १७ मीटर. ओल्यावर ब्रेकचे १३, एकूण २३ मीटर.

ताशी ५४ कि.मी. (सेकंदाला १५ मीटर): कोरड्यावर ब्रेकचे १६, एकूण ३१ मीटर. ओल्यावर ब्रेकचे २९, एकूण ४४ मीटर.

ताशी ७२ कि.मी. (सेकंदाला २० मीटर): कोरड्यावर ब्रेकचे २९, एकूण ४९ मीटर. ओल्यावर ब्रेकचे ५१, एकूण ७१ मीटर.

७१ मीटर म्हणजे क्रिकेटच्या साडेतीन खेळपट्ट्या! घाटात पावसाच्या पडद्यामागे एवढे दूरचे दिसते तरी का? आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. पाऊस घर्षण कमी करतो, त्यावर आपला इलाज नाही. वेग मात्र आपल्या हातात आहे.

पुढचा ब्रेक की मागचा?

नवशिके स्वार पुढच्या ब्रेकला भितात आणि पायाने मागचाच ब्रेक दाबतात. हे बरोबर आहे का? धावती बस एकदम थांबली की आपण पुढे झुकतो. तसाच ब्रेक लावताच मोटारसायकलचा भारही पुढच्या चाकाकडे सरकतो. गुरुत्वमध्याची उंची ६० सेंटिमीटर आणि दोन चाकांमधील अंतर १२५ सेंटिमीटर धरून हिशेब केला, तर कोरड्या रस्त्यावर कडक ब्रेक लावताना सुमारे ८४ टक्के भार पुढच्या चाकावर येतो. जिथे भार जास्त तिथे घर्षण जास्त. म्हणून पुढचा ब्रेकच खरे काम करतो. ओल्या रस्त्यावर गाडीला तेवढ्या जोराने थांबविताच येत नाही, त्यामुळे भारही कमी सरकतो. पुढे सुमारे ६९ टक्के राहतो आणि मागे ३१ टक्के. याचा अर्थ, पावसात मागच्या ब्रेकचा वाटा वाढतो, पण पुढच्याला सुट्टी देता येत नाही. दोन्ही ब्रेक एकदम लावावेत आणि दाब हळूहळू वाढवावा.

हळूहळू का, तर चाक फिरत असेपर्यंत त्याचा टेकलेला भाग रस्त्यावर जवळजवळ स्थिर असतो आणि पकड भरपूर मिळते. ब्रेकने चाक जागीच अडविले की ते घसरू लागते. घसरतानाचे घर्षण कमी असते, शिवाय गाडीची दिशाही हातात राहत नाही. पुढचे चाक अडले तर सावरायला वेळच मिळत नाही. चाक अडू लागताच ब्रेकचा दाब आपोआप सैल करणारी 'एबीएस' नावाची योजना १२५ सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना भारतात एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. ही योजना चाक अडू देत नाही. पण रस्त्याचा घर्षणगुणांक ती वाढवू शकत नाही, हे विसरू नका.

चालकाच्या वाक्यातला पायथागोरस

आता वळणाकडे येऊ. गाडीला वळविण्यासाठी वर्तुळाच्या केंद्राकडे ओढणारे अभिकेंद्र बल लागते, आणि तेही घर्षणातूनच मिळते. त्यासाठी लागणारा घर्षणगुणांक असा काढतात:

(वेग × वेग) ÷ (वळणाची त्रिज्या × ९.८)

त्रिज्या २५ मीटर आणि वेग ताशी ३२ कि.मी. असेल, तर उत्तर सुमारे ०.३२ येते. ओल्या रस्त्याजवळ एकूण शिल्लक आहे ०.४. म्हणजे गाडी वळण घेईल. पण त्याच वेळी ब्रेकही लावला तर? तुम्ही म्हणाल, ०.४ मधून ०.३२ वजा केले की ब्रेकसाठी ०.०८ उरते. तसे नाही. वळविणारे बल आडवे असते आणि थांबविणारे बल मागे खेचते. दोन्ही एकमेकांना काटकोनात आहेत. म्हणून इथे पायथागोरसचा नियम लागतो. कर्ण ०.४०, एक बाजू ०.३२, तर दुसरी बाजू ०.२४. तुमच्या ओळखीचा ३, ४, ५ चा त्रिकोण!

तेव्हा वळणावर ब्रेकसाठी ०.२४ एवढीच शिदोरी उरते. गुरे पाहून घाबरलेला हात त्याहून जास्त मागतो आणि गाडी आडवी होते. माझे नेमके हेच झाले होते. वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, सगळेच्या सगळे ०.४ ब्रेकसाठी वापरता आले असते. ताशी १८ कि.मी. वर येऊन वळण घेतले असते तर वळण्यासाठी फक्त ०.१ लागले असते, आणि गुरे दिसल्यावरही हाताशी ०.३९ एवढी पकड शिल्लक राहिली असती. ट्रकच्या चालकाने सांगितले ते हेच.

रपट्यावरचे पाणी

मेळघाटात नाल्यांवर ठिकठिकाणी ठेंगणे रपटे आहेत. वर डोंगरात पाऊस झाला की त्यांच्यावरून पाणी वाहू लागते. "गुडघ्याएवढेच तर आहे" असे म्हणून गाडी घालणारे आपण पाहतो. इथेही हिशेब करू.

पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर असेल, तर दर चौरस मीटरवर त्याचा रेटा सुमारे २००० न्यूटन असतो. चाके, इंजिनाचा खालचा भाग आणि स्वाराचे पाय मिळून ०.३ चौरस मीटर भाग पाण्यात असेल, तर आडवा रेटा ६०० न्यूटन होतो. आता गाडीची पकड पाहा. बुडालेल्या भागाने ३० लिटर पाणी सारले, तर आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे ३० किलो भार कमी झाला. उरलेल्या १७० किलोवर ०.४ च्या हिशेबाने ६६६ न्यूटन घर्षण मिळते. रपट्यावर शेवाळ असेल आणि घर्षणगुणांक ०.२ वर आला, तर फक्त ३३३ न्यूटन. गाडी वाहून जायला एवढे पुरे आहे. पाण्याचा वेग दीडपट झाला, तर रेटा सव्वादोनपट होऊन १३५० न्यूटनांवर जातो. गढूळ पाण्याखाली रपट्याचा कठडा आहे की खड्डा, हे दिसत नाही ते वेगळेच. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबावे. तुम्ही मागे बसला असाल तर खाली उतरावे आणि चालविणाऱ्यालाही थांबवावे. डोंगरातला नाला जसा लवकर चढतो, तसा तो बहुधा लवकर उतरतोही.

नुसत्या साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी शिरून ब्रेक लागेनासे होतात. थोडे अंतर हळू जात ब्रेक हलके दाबून धरावे. उष्णतेने पाणी निघून जाते आणि ब्रेक पुन्हा धरू लागतात.

करून पाहा

रंधा न मारलेली एक फळी घ्या. सायकलच्या जुन्या टायरचे दोन तुकडे लाकडी ठोकळ्याच्या खाली खिळ्यांनी बसवा. खिळ्यांची टोके किंवा डोकी फळीला लागू देऊ नका. ठोकळ्यावर एक वीट बांधून तो फळीवर ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. ठोकळा घसरू लागताच थांबा. उचललेल्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा, आणि त्या टोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून फळीच्या टेकलेल्या टोकापर्यंतचे अंतरही मोजा. उंचीला या अंतराने भागले की घर्षणगुणांक मिळतो. प्रयोग पाच वेळा करून सरासरी काढा. मग फळी ओली करून, आणि नंतर तिच्यावर मातीचा पातळ लगदा पसरून तेच करा. शेवटी एकाऐवजी दोन विटा बांधून पाहा. उत्तरात फारसा फरक पडतो का? का पडत नसावा?

सोडवून पाहा

कोरड्या रस्त्यावर ताशी ५४ कि.मी. वेगाने जाणारा स्वार एकूण सुमारे ३१ मीटरमध्ये थांबतो. ओल्या रस्त्यावर तेवढ्याच अंतरात थांबायचे असेल, तर त्याने वेग किती ठेवावा? (उत्तर: ताशी सुमारे ४४ कि.मी.)

हे गणित सुटले, की वही घरात गाडी चालविणाऱ्या मोठ्या माणसांना दाखवा. आणि त्यांच्या मागे बसाल तेव्हा डोक्यावर हेल्मेट घाला, वळणावर त्यांच्याबरोबर झुका, मध्येच हलू नका. त्या पोस्टकार्डाएवढ्या जागेवर तेव्हा तुम्हीही बसलेले असता.