प्यायलो म्हणून गोळी चुकवू का?

प्रश्न : वय ६४, मुलुंड. बरीच वर्षं एचआयव्हीवरचे उपचार (एआरटी) चालू आहेत. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी पितो आणि त्या रात्री भीतीने गोळी घेत नाही. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. प्यायला असलात तरी गोळी घ्याच. खाडे पडले की विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. खरा धोका तिथे आहे. गोळी सकाळी घेता येईल का, ते एआरटी केंद्रात विचारा. तिथे पिण्याबद्दल काहीही लपवू नका. साठीनंतर दारू यकृताला जास्त बाधते, तोल जाऊन हाड मोडतं.

मात्र रोजची दारू मनानेच एकदम तोडू नका. हात थरथरतात, फिटही येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा. वांद्र्याची कृपा फाउंडेशन १९८१पासून व्यसनमुक्तीचं काम करते, एचआयव्हीग्रस्तांसाठीही. १०९७ ही एचआयव्हीसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. आजच फोन करा.