त्वचेवरील खूण आणि तिचे दडलेले कारण

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका हा सह्याद्रीच्या दाट अरण्याचा आणि काळी नदीच्या खोऱ्याचा प्रदेश होय. येथील कुणबी, गवळी व इतर रहिवाशांचे दैनंदिन जीवन माती, झाडे आणि जनावरे यांच्याशी निगडित आहे. साहजिकच त्वचेवर पुरळ, फोड, चट्टे किंवा खपल्या दिसणे ही येथे नवलाची गोष्ट नव्हे. परंतु अशी खूण दिसताच मिळेल ते मलम चोळण्याची सवय सर्वत्र रूढ झालेली आहे, आणि हीच सवय पुष्कळदा रोगापेक्षा अधिक घातक ठरते. त्वचेवरील खुणेचे कारण अनेकदा त्या जागी नसते. ते हाताला लागलेल्या रसात, वाऱ्यात, आठवड्यापूर्वीच्या रानवाटेत किंवा कित्येक वर्षांपूर्वीच्या संसर्गात दडलेले असते. ते शोधल्यावाचून केलेला उपचार म्हणजे धूर दिसतो म्हणून खिडकी बंद करण्यासारखे आहे.

कंद, बिब्बा आणि काजू

सोप्या उदाहरणापासून आरंभ करणे इष्ट ठरेल. जोयडा तालुका कंदांसाठी प्रसिद्ध आहे. सुरण किंवा अळू चिरताना हाताला खाज सुटते, हा प्रत्येक गृहिणीचा अनुभव होय. या वनस्पतींच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेट या द्रव्याचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात व ते त्वचेत रुततात. येथे कारण आणि परिणाम एकाच जागी व एकाच वेळी असतात. हाताला तेल लावून कंद चिरणे आणि शिजविताना चिंच किंवा आमसूल घालणे ही परंपरागत रीत म्हणूनच योग्य आहे. ही खाज थोड्या वेळात आपोआप शमते.

बिब्ब्याचे तसे नाही. बिब्ब्याच्या फळाच्या सालीतील काळा रस तीव्र असतो. तो थेट लागला तर भाजल्यासारखे फोड येतात. पण त्याहून फसवा प्रकार म्हणजे त्याची ॲलर्जी. एकदा शरीराने या रसाचा धसका घेतला की पुढे त्याचा अल्पसा स्पर्शही एकदोन दिवसांनी पुरळ उठवितो. मध्ये गेलेल्या या काळामुळे स्पर्श विसरला जातो आणि दोष अन्नावर, पाण्यावर किंवा कोणाच्या नजरेवर ढकलला जातो.

या बाबतीत दुसऱ्या महायुद्धातील एक घटना बोधप्रद आहे. भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी काहींच्या मानेवर व इतरत्र खाजरे, ओलसर चट्टे उठू लागले. चट्ट्याची जागा आणि कपड्यावर धोब्याने केलेल्या खुणेची जागा एकच असल्याचे लष्करी डॉक्टरांच्या ध्यानी आले, तेव्हा उलगडा झाला. धोबी कपड्यांवर खूण करण्यासाठी बिब्ब्याचा रस वापरीत असत. कपडा धुतला तरी रसाचा अंश शिल्लक राहत असे. सैनिकांनी बिब्बा डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता.

काजू आणि आंबा हे बिब्ब्याच्याच कुळातील वृक्ष आहेत. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलेला काजू आज गोव्यापासून कारवारपर्यंत सर्वत्र पसरला आहे. त्याच्या बीच्या टरफलातील तेल बिब्ब्याच्या रसाशी बरेच मिळतेजुळते असते. बिया भाजणाऱ्या व सोलणाऱ्या मजुरांच्या बोटांवर त्याचे काळे डाग व फोड दिसतात. ज्याला बिब्बा बाधतो, त्याला काजूचे तेल किंवा आंब्याचा चीकही बाधू शकतो. आंबे खाल्ल्यावर ओठांभोवती उठणारे पुरळ हे आंब्याच्या ‘उष्णतेचे’ नसून सालीजवळील चिकाचे असते. आंबा धुऊन, साल काढून खाल्ल्यास पुष्कळांचा त्रास टळतो.

रस लागताच ती जागा साबण व भरपूर पाण्याने धुवावी. फोड आल्यास थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात आणि फोड फोडू नयेत. चेहरा सुजल्यास किंवा पुरळ पसरल्यास डॉक्टरांकडे जावे. टाचेच्या भेगांवर किंवा काट्याच्या जखमेवर बिब्बा लावण्याची चाल सोडून देणे श्रेयस्कर होय.

वाऱ्यावर येणारा विकार

काही वेळा स्पर्शही झालेला दिसत नाही. १९५५ च्या सुमारास पुण्याजवळ एका परदेशी तणाची प्रथम नोंद झाली. महाराष्ट्रात त्याला गाजर गवत, तर कर्नाटकात काँग्रेस गवत म्हणतात. पुढे पुण्यासह अनेक भागांतील त्वचारोगतज्ज्ञांकडे पापण्या, मान, कोपराच्या खोबणी अशा जागी जाड, खाजरा इसब झालेले रुग्ण येऊ लागले. त्यांत उघड्यावर काम करणाऱ्या प्रौढ पुरुषांचा भरणा अधिक होता. या गवतातील पार्थेनिन नावाचे द्रव्य सुकलेल्या कणांबरोबर हवेतून येऊन त्वचेवर बसते, हे त्याचे कारण ठरले. गवताला हात न लावताही विकार का होतो, याचा उलगडा त्यामुळे झाला.

दाट सावलीच्या रानात हे गवत फारसे वाढत नाही. रस्त्याच्या कडा आणि पडीक जागा ही त्याची घरे होत. संशय असल्यास तज्ज्ञ पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी त्या काढतात व परिणाम तपासतात. औषधाने आराम पडतो, परंतु खरा उपाय गवत दूर करणे हाच आहे. फुलोरा येण्यापूर्वी, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे. ज्याला ॲलर्जी आहे त्याने मात्र हे काम करू नये. या गवतावर जगणारे झायगोग्रामा जातीचे भुंगेरे १९८३ साली मेक्सिकोतून बंगळूर येथे आणण्यात आले व त्यानंतर शेतांत सोडण्यात आले.

न दुखणारी काळी खपली

ताप आलेल्या माणसाच्या काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटने चटका दिल्यासारखी लहान काळी खपली आढळली, तर ती क्षुल्लक मानू नये. ती खाजत नाही, दुखत नाही, त्यामुळे रुग्णालाही तिची जाणीव नसते. ही स्क्रब टायफस या रोगाची खूण असू शकते. झुडपे व उंच गवत यांत राहणारा चिगर नावाचा, डोळ्यांना सहज न दिसणारा कीटकसदृश जीव चावल्याने हा रोग होतो. चावा आणि ताप यांत साधारण एक ते दोन आठवड्यांचे अंतर असते. सर्वच रुग्णांत खपली दिसते असे नाही.

वेळेवर डॉक्सिसायक्लिनसारखे साधे, स्वस्त औषध मिळाल्यास बहुतेक रुग्ण लवकर बरे होतात. विलंब झाल्यास फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदू यांना इजा होऊन मृत्यूही ओढवतो. लहान खपली पाहिली की नाही, एवढ्यावर येथे प्राण अवलंबून असतो. म्हणून तापाच्या रुग्णाने आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. रानातून परतल्यावर कपडे बदलून साबणाने अंघोळ करावी.

बधिर चट्टा

सर्वांत लांबचे कारण कुष्ठरोगाचे असते. १८७३ साली नॉर्वेतील डॉक्टर हान्सेन यांनी या रोगाचा जंतू दाखवून दिला. संसर्ग व लक्षण यांत सरासरी पाच वर्षे, क्वचित वीस वर्षेही जातात. त्वचेपेक्षा फिकट किंवा तांबूस चट्टा, त्यावर खाज नाही, वेदना नाही आणि कापसाचा स्पर्शही कळत नाही, हे त्याचे मुख्य लक्षण होय. रोगाचे खरे आक्रमण मज्जातंतूंवर असते. बधिर हाताला चुलीचा चटका कळत नाही, जखमा होत जातात व त्यातून विकृती येते. ही विकृती पूर्वजन्मीच्या पापाची नसून उशिराची असते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली शिफारस केलेली बहुविध औषधोपचार पद्धती शासकीय दवाखान्यांत विनामूल्य मिळते. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने औषध घ्यावे लागते, आणि उपचार सुरू होताच रुग्णापासूनचा संसर्ग लवकरच थांबतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद २०१९ साली कायद्यातून वगळण्यात आली आहे. पांढरे कोड हा मात्र सर्वस्वी निराळा विकार आहे. त्यात स्पर्श कळतो व तो संसर्गजन्य नसतो.

मलमाने झाकलेला रोग

अलीकडे आणखी एक दडलेले कारण पुढे आले आहे, ते म्हणजे उपचारच. गजकर्णावर स्टेरॉइडयुक्त मिश्र मलम लावल्यास खाज तात्काळ थांबते, पण बुरशी आत वाढत राहते व तिचे रूप पालटल्याने डॉक्टरांनाही ओळख पटणे अवघड होते. मलम सोडताच रोग दुप्पट उसळतो. २०१८ साली केंद्र शासनाने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास प्रतिबंध केला. शेजाऱ्याला गुण आलेली नळी आपल्या घरी आणू नये.

चौकशीचा क्रम

मलमाआधी चार प्रश्न विचारण्याची सवय लागली पाहिजे. गेल्या दोन दिवसांत हाताला काय लागले? गेल्या दोन आठवड्यांत रानात कोठे जाणे झाले? त्या जागी स्पर्श कळतो काय? यापूर्वी काय लावले? शिक्षकांनी हे प्रश्न वर्गात शिकवावेत व मुलांच्या अंगावरील फिकट चट्टे हेटाळणी न होऊ देता आरोग्य केंद्राच्या नजरेस आणावेत. ग्रामपंचायतींनी पावसाळ्याच्या आरंभी, फुलोऱ्यापूर्वी, गाजर गवत काढण्याचे काम हाती घ्यावे. आशा कार्यकर्त्यांनी तापाच्या रुग्णाची काख व कमर पाहण्यास विसरू नये. हे काम स्त्रियांच्या बाबतीत स्त्री कार्यकर्तीने करावे. खूण लहान असते, तिची चौकशी वेळेवर झाली तर हात, दृष्टी आणि प्राण वाचतात.