बातमी चांगली, भाव पडता

न्यू जर्सीतल्या एका छोट्या औषध कंपनीचे शेअर माझ्याकडे होते. चाचण्यांचे निकाल चांगले येत होते, तरी नॅस्डॅकवर भाव उतरतच होता. जरा उसळी आली की विकणारा हजर. उलगडा झाला तो नियामकाकडच्या 8-के या फाइलिंगमधून. कंपनीने एका फंडाला कन्व्हर्टिबल प्रेफर्ड शेअर विकून भांडवल उभारले होते.

अशा प्रेफर्ड शेअरचे पुढे साध्या शेअरमध्ये रूपांतर करता येते. त्याचा दर आधीच पक्का असेल, तर भाव चढण्यात फंडाचाही फायदा असतो. घात होतो तो दर बाजारभावाला बांधलेला असला की. समजा, फंडाने 50 लाख डॉलर दिले आणि रूपांतराचा दर बाजारभावाहून 20 टक्के कमी ठरला. भाव 5 डॉलर असताना फंडाला साडेबारा लाख शेअर मिळतात. 1 डॉलर झाला की साडेबासष्ट लाख. फंड थोडे रूपांतर करून विकतो, भाव घसरतो, पुढच्या खेपेला जास्त शेअर हाती येतात. कंपनीचे मूळ शेअरच एक कोटी असतील, तर जुन्या भागधारकाचा वाटा केवढा आक्रसतो पाहा. अमेरिकेत याला ‘डेथ स्पायरल’ म्हणतात.

फंड एका वेळी 4.99 टक्क्यांहून जास्त शेअर बाळगणार नाही, अशी अट करारात बहुधा असते. तिच्यावर विसंबू नका. विकून झाले की पुन्हा रूपांतर करता येतेच.

उत्पन्न नसलेल्या कंपनीला पैसा लागतो, हे मला मान्य आहे. म्हणून मी आधी एकच गोष्ट शोधतो: रूपांतराच्या दराला खालची मर्यादा आहे का? ती ‘सर्टिफिकेट ऑफ डेझिग्नेशन्स’मध्ये सापडते. मग पुनर्विक्रीसाठी किती शेअर नोंदवलेत ते एस-3 अर्जात पाहतो. भाव सलग 30 व्यवहार दिवस डॉलरखाली राहिला तर नॅस्डॅकची नोटीस येते आणि कंपन्या रिव्हर्स स्प्लिटकडे (अनेक शेअर मिळून एक करण्याकडे) वळतात. त्या बेतात असलेल्या कंपनीत तर हे कागद वाचल्याशिवाय एक डॉलरही घालू नये.

आणखी एक. नॅस्डॅकच्या किमान दराहून (म्हणजे साधारण करारावेळच्या बाजारभावाहून) स्वस्तात, आधीच्या शेअरच्या 20 टक्के किंवा जास्त नवे शेअर खाजगीरीत्या द्यायचे, तर नॅस्डॅकच्या नियमानुसार साधारणपणे भागधारकांची मंजुरी लागते. ती मतपत्रिका न वाचता टाकून देऊ नका. दराला तळ नसेल, तर मी विरोधात मत देतो.