दान दिलेल्या गाईचा चारा

जुन्या व्हिडिओ गेम्सच्या एम्युलेटरसाठी जे मुक्तस्रोत फ्रंटएंड असतात, त्यांना हातभार लावायची इच्छा झालेला माणूस बहुतेक वेळा एकाच दाराने आत शिरतो: ‘यात अमुक सोय नाही, ती मी करून देतो.’ इच्छा चांगली असते, हातात कौशल्यही असतं. तरीही अशा पहिल्या पुल रिक्वेस्टी (आपला बदल सामावून घेण्याच्या विनंत्या) पुष्कळदा पडून राहतात, किंवा आभार मानून बंद केल्या जातात. मग देणारा चिडून म्हणतो, यांना मदत नकोच आहे. या कामाच्या अनुभवातून माझं मत उलट झालं आहे. मदत हवीच असते. पण कोड देणं हे गोदानासारखं आहे. देणारा पुण्य घेऊन घरी जातो. चारा, पाणी, दुखणंखुपणं मात्र घेणाऱ्याच्या गोठ्यात राहतं. आपल्या देण्याने त्या गोठ्यातलं काम वाढणार की हलकं होणार, हे पहिली ओळ लिहिण्याआधी तपासावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

फ्रंटएंड म्हणजे खेळ सुरू होण्याआधीचा पडदा: गेमची यादी, मुखपृष्ठांची चित्रं, कंट्रोलरची जुळणी, सेटिंग. प्रत्यक्ष खेळ चालवणं हे एम्युलेटरचं काम. रेट्रोआर्क हा फ्रंटएंड ‘लिब्रेट्रो’ नावाच्या ठरलेल्या करारावर चालतो. एम्युलेटर त्याला ‘कोअर’ म्हणून जोडला जातो. फ्रंटएंड दर फ्रेमला त्याला हाक मारतो, कोअर चित्र आणि आवाज हवाली करतो आणि कोणतं बटण दाबलं आहे ते विचारून घेतो. इम्युलेशनस्टेशन या दुसऱ्या फ्रंटएंडची रीत वेगळी. तो सेटिंगच्या फाइलीत लिहून ठेवलेली आज्ञा वाचतो, त्यात गेमच्या फाइलीचा पत्ता भरतो, बाहेरचा एम्युलेटर सुरू करतो आणि खेळ संपेपर्यंत बाजूला थांबतो. दोन्ही रीतींत फ्रंटएंडची जागा एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीची आहे. गाडी त्याची नाही, रस्ता त्याचा नाही, पण गाडी बंद पडली की सगळे प्रवासी त्याच खिडकीवर येतात. म्हणून दुसऱ्याच्या बिघाडाच्या तक्रारी निस्तरणं हा फ्रंटएंड सांभाळणाऱ्यांच्या कामाचा फार मोठा हिस्सा असतो.

आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून जे व्हिडिओ गेम खेळले गेले, त्यांतले पुष्कळसे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला होते. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला. नकलांसोबत ‘९९९९ इन १’ अशी आकडेबाजी करणाऱ्या कॅसेट यायच्या. अशा कॅसेटमध्ये मोजके गेम आणि त्यांत निवड करायला स्वतःचं वेगळं सर्किट असे. एम्युलेटरच्या भाषेत या सर्किटच्या प्रकाराला ‘मॅपर’ म्हणतात. तो मॅपर एम्युलेटरला ठाऊक नसेल, किंवा रॉमच्या, म्हणजे कॅसेटमधून उतरवलेल्या गेमच्या, फाइलीत चुकीचा नोंदवलेला असेल, तर पडदा काळा राहू शकतो. पाहणाऱ्याला वाटतं, यादीतून गेम निवडला आणि काही झालं नाही, म्हणजे यादी दाखवणाऱ्यातच दोष. ‘हा गेम ओळखलाच जात नाही’ या तक्रारीचंही तसंच. फॅमिकॉमच्या रॉमच्या प्रचलित ‘आयनेस’ फाइलीत सुरुवातीचे १६ बाइट मूळ कॅसेटमध्ये नसतात. ते एम्युलेटरच्या सोयीसाठी जोडलेले असतात. ते धरून चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) काढला तर एक उत्तर येतं, वगळून काढला तर दुसरं. फ्रंटएंडचा चेकसमांचा माहितीकोश एका हिशेबाने आणि आपला स्कॅन दुसऱ्या हिशेबाने चालला, की फाइल अस्सल असूनही गेम अनोळखी ठरतो.

यातून पहिलं मार्गदर्शन निघतं. दोष कोणाच्या हद्दीत आहे ते आधी शोधा. तीच फाइल त्याच एम्युलेटरमध्ये फ्रंटएंडशिवाय चालवून पाहा. नवी कोरी सेटिंग ठेवून पाहा. लॉग चालू करून शेवटच्या ओळी वाचा. मग आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, कंट्रोलरचं नाव, दोष पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या आणि चेकसम एवढं लिहून द्या. रॉमची फाइल जोडू नका. असा बग रिपोर्ट लिहायला एखादी संध्याकाळ जाते, पण त्याने तपास करणाऱ्याचे कितीतरी तास वाचतात. आलेल्या तक्रारींपैकी कोणत्या आता घडत नाहीत, कोणत्या एकमेकींच्या आवृत्त्या आहेत, हे तपासून सांगणं हीसुद्धा खरी मदत आहे. यात कोडची एकही ओळ नाही, तरी गोठ्यातलं काम कमी होतं.

कोड द्यायचाच असेल, तर तो कुठे कुठे चालणार आहे ते बघून द्यावा. रेट्रोआर्क आजच्या विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइडवर चालतो, तसा निन्टेन्डो ३डीएस आणि प्लेस्टेशन व्हिटासारख्या हातातल्या यंत्रांवरही चालतो. विंडोज ९८ च्या काळातल्या संगणकांसाठीही त्याची बांधणी आहे. त्यामुळे त्याच्या मुख्य कोडमध्ये सी भाषेचं १९८९ सालचं वळण सांभाळलं जातं. नव्याने आलेल्याला हे सोवळं वाटतं, पण त्या जुन्या यंत्रांसाठीच हा सगळा खटाटोप चाललेला असतो. वेगाचंही तसंच. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. यादी सरकत असताना मुख्य धाग्यावर १०० मिलिसेकंदांचं काम काढलं, तर सहा फ्रेम गळतात आणि डोळ्याला झटका जाणवतो. आपल्या टेबलावरच्या एसएसडीवर हजारो फाइली चाळणं चुटकीसरशी होतं. तेच रास्पबेरी पायच्या एसडी कार्डावर रखडतं. लिनक्सवर फाइलींच्या नावातलं लहान-मोठं रोमन अक्षर वेगळं धरतात, विंडोजवर सहसा धरत नाहीत. ‘माझ्याकडे चालतंय’ हे म्हणूनच इथे पुरावा ठरत नाही. बदल लहान ठेवावा, एका पुल रिक्वेस्टीत एकच गोष्ट असावी, आणि जाताजाता इतर ओळींची मांडणी ‘सुधारू’ नये, कारण बदललेली प्रत्येक ओळ कोणाला तरी वाचावी लागते.

मराठी माणसाला या कामात एक जागा अशी आहे, जिथे त्याच्या नजरेची बरोबरी इतरांना सहज करता येत नाही. रोमन लिपीत एकेक अक्षर ओळीने मांडलं की भागतं. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसावी लागते व्यंजनाआधी. जोडाक्षरांत अक्षरांचे आकारच बदलतात. यासाठी हार्फबझसारखी अक्षरजुळणी करणारी वेगळी यंत्रणा लागते. ती नसलेल्या फ्रंटएंडमध्ये मराठी नाव मोडक्या तुकड्यांत दिसतं, आणि देवनागरी न वाचणाऱ्या मेंटेनरला ते मोडलं आहे हेच कळत नाही. आपला ‘ऱ’ घ्या. युनिकोडमध्ये तो एका संकेतानेही लिहिता येतो आणि ‘र’ अधिक नुक्ता असाही. मॅकच्या जुन्या फाइल व्यवस्थेत तो सुटा करून साठवला जातो. म्हणजे ‘दुसऱ्या’ नावाचा फोल्डर दिसायला तोच, पण बाइटवार तुलना केली तर दुसराच. असा एक छोटा, सिद्ध करून दाखवता येणारा नमुना हा एखाद्या चकचकीत नव्या मेन्यूपेक्षा मोलाचा आहे. भाषांतरातही रीत पाहूनच पाऊल टाकावं. रेट्रोआर्कमध्ये मूळ इंग्रजी वाक्यं कोडमध्ये असतात आणि इतर भाषांचं काम क्राउडइन या सेवेमार्फत होतं. उत्साहाने थेट भाषेच्या फाइलीत केलेले बदल पुढच्या जुळणीत पुसले जातात.

आणखी एक ओझं कायद्याचं, आणि ते सगळ्यांत उशिरा दिसतं. रेट्रोआर्कचं लायसन्स जीपीएल ३ आहे, इम्युलेशनस्टेशनचं एमआयटी. एमआयटीखालचा कोड जीपीएलमध्ये घेता येतो. उलट दिशेने तसाच उचलून आणता येत नाही. स्नेस९एक्स आणि एफबीनिओ या एम्युलेटरांच्या लायसन्समध्ये व्यापारी वापराला मनाई आहे, त्यामुळे ते एखाद्या विक्रीच्या पेटीत भरण्याचा सल्ला देणं सरळ चूक ठरतं. थीमसाठी उचललेली चित्रं, कंपन्यांची बोधचिन्हं, बायोसच्या फाइली यांनाही मालक असतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये संगणकीय प्रोग्रामची कायदेशीर प्रत जवळ असणाऱ्याला बॅकअपची आणि परस्परजुळणीसाठी आवश्यक कृतींची मुभा आहे, पण दुसऱ्याचे गेम वाटण्याची नाही. निन्टेन्डोच्या दाव्यानंतर मार्च २०२४ मध्ये युझू या स्विच एम्युलेटरमागच्या कंपनीने २४ लाख डॉलर देण्याचं मान्य केलं आणि तो प्रकल्प बंद झाला. फ्रंटएंडची गोष्ट तिथपर्यंत सहसा जात नाही, पण एका निष्काळजी फाइलीची झळ ती टाकणाऱ्याआधी प्रकल्प चालवणाऱ्यांना बसते, एवढं यातून शिकण्यासारखं आहे.

यावर पहिला आक्षेप असा: मुक्तस्रोत म्हणजे मोकळीक, घेत नसाल तर मी फोर्क करीन, म्हणजे त्याच कोडची वेगळी शाखा काढीन. जरूर करावा, तो हक्कच आहे आणि कधी कधी गरजही असते. इम्युलेशनस्टेशनचं मूळ काम थंडावलं तेव्हा रेट्रोपाय, बाटोसेरा आणि रीकॅलबॉक्स यांनी आपापल्या शाखा पुढे नेल्या. ‘डेस्कटॉप एडिशन’ ही आणखी एक शाखा फोफावली. फोर्क झाले नसते तर ते नावही आज विसरलं गेलं असतं. पण त्याची किंमतही दिसते. थीमची व्यवस्था शाखेगणिक वेगळी होत गेली, आणि एका शाखेसाठी बनवलेली थीम दुसरीत जशीच्या तशी चालेल याची खात्री राहिली नाही. टिकले ते फोर्क ज्यांच्यामागे वर्षानुवर्षं चारा घालणारी माणसं उभी राहिली. रागाच्या भरात केलेला फोर्क म्हणजे नवी गाय आणि रिकामा गोठा.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: बग रिपोर्ट, कागदपत्रं आणि तपासणी यांनी बायोडेटा भरत नाही, नोकरी देणारा कोड बघतो. हे खरं आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण कोड पाहणारा जाणकार आकड्यापेक्षा संवाद बघतो: हरकत आल्यावर माणसाने काय उत्तर दिलं, चाचणी जोडली का, मर्ज झाल्यानंतर निघालेल्या दोषाला तो परत आला का. आता तर यंत्राकडून पाचशे ओळी मिनिटात लिहून घेता येतात. त्या वाचून त्यांची हमी घेणं मात्र माणसालाच करावं लागतं. लिहिणं स्वस्त झालं आणि वाचणं तितकंच महाग राहिलं, म्हणून स्वतःला न समजलेला कोड पाठवणं हे आज पूर्वीपेक्षा जास्त मोठं ओझं आहे. तिसरं कोणी म्हणेल की इतकी बंधनं घातली तर नवं कधी येणारच नाही. नवं येतं, पण आधी चार ओळींत प्रस्ताव मांडून, ‘हे तुम्हाला हवं आहे का?’ असं विचारून आलेलं नवं टिकतं. नकार मिळायचाच असेल, तर तो महिनाभर खपण्याआधी मिळालेला बरा.

तेव्हा या कामात उतरू पाहणाऱ्यांना माझं सांगणं थोडक्यात असं. आधी तो फ्रंटएंड आपल्या यंत्रावर स्वतः बांधून पाहा. बांधणीच्या सूचनांत जिथे अडाल, ती जागा दुरुस्त करणं हीच पहिली पुल रिक्वेस्ट असू द्या. मग एक जुनी तक्रार तपासा. मग एक लहान दोष काढा. नवी सोय सुचवायची वेळ त्यानंतरची. आणि ती सुचवताना पुढचं निदान एक वर्ष तिच्यातले दोष मी बघीन, असं मनापासून म्हणता येत असेल, तरच पाठवा.