हरणांचे वन आणि गावचे कर्तव्य

वन राखीव झाले म्हणजे त्यातील हरणे सुरक्षित झाली, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु हरणांस नुसती झाडे पुरत नाहीत. चरावयास गवत, प्यावयास पाणी, पाडस लपविण्यास आडोसा आणि एका रानातून दुसऱ्या रानात जाण्यास वाट, या चारही गोष्टी त्यांस लागतात. यांपैकी एक नाहीशी झाली तरी कळप क्षीण होऊ लागतो.

कान्ह्याचा धडा

मध्य प्रदेशात कान्हा येथे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तेथील बाराशिंगा जवळजवळ केवळ गवतावर जगतो. शिकार, वणवे, गुरांची चराई व शेतीखाली गेलेली कुरणे यांमुळे १९७० मध्ये तेथे अवघे ६६ बाराशिंगे उरले. पुढे वनातील काही गावे बाहेर वसविण्यात आली. पडीक झालेल्या शेतांवर पुन्हा उंच गवत वाढले आणि कळपांची संख्या कित्येक शेकड्यांवर गेली. घरदार सोडणाऱ्या त्या कुटुंबांचा यातील वाटा विसरता कामा नये. सर्व कळप एकाच ठिकाणी असल्यास एखादी साथही घातक ठरते. म्हणून २०१५ पासून काही बाराशिंगे सातपुड्याच्या वनात नेण्यात आले.

तुटलेली वाट

रस्ता वा कालवा मध्ये आला की वनाचे तुकडे पडतात. तुकड्यात अडकलेल्या लहान कळपास चारा कमी पडतो व त्यात नवे रक्त येत नाही. पेंचच्या वनातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, महाराष्ट्राच्या हद्दीत, जनावरांसाठी रस्त्याखालून नऊ वाटा ठेवल्या आहेत. २०१९ मधील पाहणीत त्यांतून जाणाऱ्या वन्य प्राण्यांत चितळ सर्वाधिक आढळले. वाट ठेवली तर हरणे ती वापरतात, हे यावरून सिद्ध होते.

गावाने काय करावे?

१. गुरे वनात न सोडता वैरण कापून गोठ्यात घालावी.

२. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखाली आग लावू नये. पालापाचोळा झाडून काढावा.

३. गुरांना लाळ-खुरकुताची लस वेळेवर टोचून घ्यावी. हा रोग हरणांसही होतो.

४. दोन रानांना जोडणारी ओढ्याकाठची झाडी तोडू नये. कुंपणाच्या तारेत वीज कदापि सोडू नये. तीमुळे माणसेही दगावतात.

५. हरणांनी पीक खाल्ल्यास त्वरित वन कार्यालयास कळवून पंचनामा करून घ्यावा व भरपाईसाठी अर्ज करावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत हा विषय मांडताना पिकाच्या नुकसानीचा प्रश्न प्रथम घ्यावा. ज्याचे पीक गेले त्यास नुसता उपदेश रुचत नाही. रानातच चारा व पाणी मिळाले तर हरणांस शेताकडे वळण्याचे कारण कमी राहते, हे त्यास पटवून द्यावे. कुरण राखणे यात वनाचे हित आहे, तसेच शेतकऱ्याचेही आहे.