फिबीची ओळख

आजचे वचन : रोमकरांस पत्र १६:१-२

पौल इथे फिबीची ओळख करून देतो : किंख्रियातल्या मंडळीची सेविका. सेविका म्हटलं की आपल्याला सभेनंतर चहाचे कप विसळणाऱ्या मावशी आठवतात. मूळ ग्रीक शब्द मात्र दियाकोनोस. १ करिंथ ३:५ मध्ये पौल स्वतःला आणि अपुल्लोसला हाच शब्द लावतो. तिथे कुणाला चहा आठवत नाही!

पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला होत्या, तेव्हा त्यांनी पुरुषांना शिकवण्याचा विषय निघाला आणि बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंना ती पटली नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. छपाईचं काम मुक्तीतल्या बायकांनीच केलं. १९२२ साली रमाबाई गेल्या. बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. ते वाचणारा पुरुष त्यांच्याकडूनच शिकतो ना?

मागच्या शुक्रवारी आमच्या कोल्हापुरातल्या घरसभेत मनन मी दिलं. टिपणं बायकोची होती. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, आणि मी तिचं नावही घेतलं नाही. काल तिची माफी मागितली.

या शुक्रवारी ती बोलणार आहे. चहाचं मी बघतो.