रात्रीचं रस्त्याचं काम आणि मुलांची झोप : वर्सोव्याच्या निमित्ताने एक पाठ



सकाळच्या पहिल्या तासाला मागच्या बाकांवर माना डुलायला लागल्या की आपला पहिला संशय मोबाईलवर जातो. बहुतेक वेळा तो खराही निघतो. पण तुम्ही वर्सोवा, सात बंगला, यारी रोड या पट्ट्यात शिकवत असाल किंवा राहत असाल, तर ऑक्टोबर ते मे या महिन्यांत मुलांना आणखी एक प्रश्न विचारून बघा. "काल रात्री तुमच्या गल्लीत काम चालू होतं का रे?" किती हात वर होतात ते मोजा.

ऑक्टोबर ते मे का, हे आपल्याला सांगायला नको. पावसाळ्यात मुंबईत रस्ता खोदता येत नाही, त्यामुळे वर्षाचं सगळं खोदकाम उरलेल्या आठ महिन्यांत होतं. २०२३ पासून महापालिकेने रस्ते सिमेंट काँक्रीटचे करण्याचं मोठं काम हाती घेतलं, दोन टप्प्यांत मिळून सुमारे ७०० किलोमीटर. २०२५ साली त्यासाठी ३१ मेची मुदत होती. त्याच वर्षी बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. म्हणजे कामाची घाई आणि बोर्डाची परीक्षा एकाच हंगामात. यात कोणाचा डाव नाही, पंचांगच तसं आहे. पण दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवून बघायचं काम कोणीतरी करायला हवं, आणि मला वाटतं ते आपण शिक्षकांनीच करावं.

म्हणूनच हा पाठ. आठवी ते दहावीसाठी दोन-तीन तासिकांत बसेल असा. थोडं विज्ञान, थोडं नागरिकशास्त्र आणि शेवटी मराठीचं उपयोजित लेखन.

आधी झोपेबद्दल

शाळकरी मुलाला रात्री ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे दहावीचं पोर क्लासहून येऊन, जेवून, थोडा अभ्यास करून अकराला आडवं होतं. सकाळचं अधिवेशन असेल तर साडेपाच-सहाला उठतं. आधीच हिशेब तुटीचा. त्यात बाराला ब्रेकर सुरू झाला तर काय उरतं?

शासनाला हे मान्य नाही असं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढला. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला की पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत. मुलं रात्री उशिरा का झोपतात याच्या कारणांत तिथे शहरातल्या रात्रीच्या ध्वनिप्रदूषणाचाही उल्लेख आहे. उपाय मात्र घड्याळाचा झाला, आवाजाचा नाही. शिवाय पाचवीपासून पुढच्यांना तोही नाही.

डेसिबलचं गणित, लॉगरिथमशिवाय

नववीच्या विज्ञानात 'ध्वनीचा अभ्यास' हा पाठ आहे. पण डेसिबल मुलांच्या डोक्यात मीटर-किलोसारखं साधं माप होऊन बसतं. ४५ आणि ७० मध्ये फरक किती? "पंचवीस, सर." इथेच थांबवायचं.

फळ्यावर लिहा : १० डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता १० पट, २० वाढले की १०० पट, ३० वाढले की १००० पट. २५ डेसिबल म्हणजे तीनशे पटींहून थोडं जास्त. कानाला तो तीनशे पट मोठा वाटत नाही. दर १० डेसिबलला साधारण दुप्पट वाटतो. कान आपल्याला सांभाळून घेतो म्हणा ना.

आता दुसरा नियम. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. हाताने चालवायच्या ब्रेकरचा आवाज एक मीटरवर १०० डेसिबलच्या आसपास धरा. मुलांना पुढचा तक्ता स्वतः भरू द्या : २ मीटरवर ९४, ४ वर ८८, ८ वर ८२, १६ वर ७६, ३२ मीटरवर ७०. आमच्याकडच्या गल्ल्यांत रस्त्यापासून दुसऱ्या मजल्याची खिडकी सोळा मीटरसुद्धा लांब नसते. आणि गल्ली म्हणजे मोकळं मैदान नव्हे, दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आवाज आपटतो, त्यामुळे खरा आकडा तक्त्यापेक्षा जास्तच येईल.

उघडी खिडकी १० ते १५ डेसिबल अडवते. म्हणजे आत अंथरुणावर साठच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेने झोपण्याच्या खोलीसाठी १९९९ साली सुचवलेला आकडा ३० डेसिबलचा आहे. "मग खिडकी बंद करा" असं कोणी म्हणालंच, तर त्यांना एप्रिलमध्ये वर्सोव्याच्या दमट हवेत एसी नसलेल्या खोलीत एक रात्र झोपायला बोलवा.

एक गोष्ट मुलं स्वतःच सांगतील : सलग घरघर एक वेळ चालते, पण मध्येच लोखंडी पत्रा आपटला किंवा गाडी मागे घेताना पीं-पीं सुरू झालं की दचकून जाग येते. बरोबर आहे. रात्रभराची सरासरी काढली तर ही आपटाआपट आकड्यात विरून जाते, जागा झालेला माणूस मात्र जागाच राहतो.

नियम काय आहे

'ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००' मध्ये निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं, गणपतीत आणि दिवाळीत पेपरात येतं.

२०१० च्या दुरुस्तीबद्दल मात्र फार कोणी बोलत नाही. तिने एक स्पष्ट वाक्य घातलं : निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री आवाज करणारी बांधकाम यंत्रं वापरायची नाहीत. आणि दुसरं, तितकंच कामाचं : तक्रार करायला एक तर मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त आवाज असावा लागतो, किंवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग झालेला असला तरी पुरतो. हा 'किंवा' वर्गात अधोरेखित करून घ्या. रात्री दहानंतर ब्रेकर चालू आहे, एवढं सांगायला सामान्य माणसाला आवाजमापक यंत्र लागत नाही. मोबाईलवरची अ‍ॅप्स दोन वेळांची तुलना करायला ठीक, पुरावा म्हणून त्यांच्या भरवशावर राहू नका.

न्यायालयांनीही यावर बोलून ठेवलं आहे. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोंगाटापासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाशी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी जोडला. २०१२ मध्ये रामलीला मैदानाच्या प्रकरणात झोपेचा हक्कही त्यात आला. नागरिकशास्त्रात २१ वा अनुच्छेद शिकवताना हे उदाहरण मुलं विसरत नाहीत, कारण जांभई सगळ्यांनाच येते.

मग काम रात्रीच का?

या प्रश्नावर निदान अर्धी तासिका द्या. नाहीतर पाठ नुसता तक्रारीचा होतो.

काँक्रीट घेऊन येणारे मिक्सर प्लँटवरून निघाले की साधारण दोन तासांत माल ओतावा लागतो, नाहीतर तो आवळायला लागतो. दिवसा गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना शहरात बंदी असते, आणि नसली तरी जे. पी. रोडवर संध्याकाळी मिक्सर अडकला की माल वाया. उन्हाळ्यात भर दुपारी ओतलेल्या काँक्रीटचा वरचा थर लवकर वाळून तडे जाण्याची भीती असते. एकदा ओतायला सुरुवात केली की ठरलेल्या जोडापर्यंत जावंच लागतं, अधे-मधे थांबून चालत नाही. मोठा रस्ता दिवसा बंद करायला वाहतूक पोलीस सहजी परवानगी देत नाहीत. ही कारणं खरी आहेत.

पण ती ओतण्याची कारणं आहेत, फोडण्याची नव्हेत. जुना रस्ता किंवा पेव्हर ब्लॉक फोडणं, पाइप कापणं, सळ्या आणि पत्रे उतरवणं, यांतलं काय रात्री दोनलाच व्हायला हवं? आतल्या गल्लीत, जिथे दिवसा रिक्षासुद्धा मोजक्या येतात, तिथे वाहतुकीचं कारणही लागू पडत नाही. माझ्या मते सगळा वाद इथेच सुटतो. 'रात्रीचं काम बंद करा' म्हटलं की समोरून 'मग रस्ता नको का?' येतं आणि बोलणं संपतं. 'फोडणं दिवसा, ओतणं लागलं तर रात्री, आणि तेही आधी कळवून' असं म्हटलं तर समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. कायद्याचं बोट धरलं तर रात्रीची यंत्रं बंदच हवीत, हे खरं. पण मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीत प्रत्यक्षात काय घडतं ते मेट्रो ३ ने दाखवलं.

कफ परेडच्या एका रहिवाशाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये तिथलं मेट्रोचं काम रात्री दहा ते सहा बंद ठेवायला सांगितलं. वर्षभराने, ऑगस्ट २०१८ मध्ये, ती बंदी उठली. एकाच न्यायालयाने झोप आणि भुयारी रेल्वे दोन्हींचा विचार केला. वर्गात दोन गट करून दोन्ही बाजू मांडायला लावा. गट चिठ्ठ्या टाकून पाडा, नाहीतर मेट्रोची बाजू घ्यायला कोणी तयार होत नाही.

आवाज उगमापाशीच कमी करता येतो, हेही इथे येऊ द्या. आपल्या डोक्यावरून मेट्रो जाते म्हणून जवळचं वाटेल असं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. तिथल्या एका शाळेच्या एका बाजूने उन्नत रेल्वे जायची. १९७५ च्या अभ्यासात दिसलं की रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुलं वाचनात मागे होती, सहावीपर्यंत जवळपास वर्षभराने. मग रुळांखाली रबर बसवलं, वर्गांना आवाज शोषणारी छतं केली. पुढच्या अभ्यासात दोन्ही बाजूंची मुलं सारखी निघाली. तो दिवसाचा आवाज होता, रस्त्याच्या कामाचा नव्हता. पण रेल्वे बंद करावी लागली नाही, एवढं इथे घेण्यासारखं. ब्रेकरभोवती आवाज अडवणारे पडदे, बंद पेटीतला जनरेटर, पत्र्यांखाली रबराचा तुकडा, यांतलं काहीच अवघड नाही.

आणि ब्रेकर धरणाऱ्या माणसालाही विसरू नका. कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबलला ८ तास, ९५ ला ४ आणि १०० ला २ तास अशी मर्यादा आहे. मुलांना मघाचा तक्ता पुन्हा बघू द्या : एक मीटरवर १००, आणि यंत्र तर त्याच्या हातातच आहे. कानाला बहुधा काही नसतं. दिवसा तो पत्र्याच्या खोलीत, त्याच रस्त्याच्या कडेला झोपायचा प्रयत्न करतो. 'ते लोक आम्हाला झोपू देत नाहीत' असं एखादं मूल म्हणतं, तेव्हा हा हिशेब उपयोगी पडतो.

वर्गात काय करायचं

एका आठवड्याची झोपेची नोंदवही घाला. झोपायची वेळ, जाग आली ती वेळ, कशाने आली, सकाळी उठताना कसं वाटलं. कृपा करून मुलांना आवाज मोजायला मध्यरात्री उठवू नका, पालकहो! जाग आली तरच सकाळी आठवून लिहायचं. मोबाईलने जाग आली असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहायचं.

मग त्या नोंदींवरून औपचारिक पत्र. मुलं सहसा 'खूप त्रास होतो, योग्य ती कारवाई करावी' एवढ्यावर थांबतात. त्यापेक्षा असं लिहून घ्या :

"मा. सहायक आयुक्त, के-पश्चिम विभाग यांस. महोदय, आमच्या गल्लीत रस्त्याचं काम सुरू आहे. मागच्या आठवड्यात चार रात्री, बारा ते तीनच्या दरम्यान, रस्ता फोडण्याचं यंत्र चालू होतं. तारखा आणि वेळा सोबत जोडल्या आहेत. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा अशी यंत्रं वापरता येत नाहीत. आमच्या इमारतीत दहावी-बारावीचे विद्यार्थी आहेत. फोडण्याचं आणि सामान उतरवण्याचं काम दिवसा व्हावं, काँक्रीट रात्री ओतायचंच असेल तर दोन दिवस आधी फलकावर कळवावं, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री काम ठेवू नये, ही विनंती."

प्रत स्थानिक पोलीस ठाण्याला. रात्री काम चालू असतानाच कळवायचं तर पोलिसांचा ११२ आणि महापालिकेचा १९१६. फोन मोठ्यांनीच करायचा. नाव द्यायला भीती वाटते, असं पालक म्हणतात. भोंग्यांच्या एका प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना सांगितलं आहे की तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी. फोनवर तेवढं सांगता येतं.

पत्र दिलं की पोच घ्या, तारीख नोंदवहीत लिहा. आठवड्याने तीच नोंदवही पुन्हा भरायला द्या आणि दोन्ही आठवडे शेजारी ठेवून वर्गातच मोजा.